आकडा

डिसेंबरात कुळ्यात थंडी असते ती सकाळी आठपर्यंत.
तेवढ्यात मी नाक्यावर येते,
टेबलावरच्या कालच्या धुळीत बोटानं आजची तारीख लिहिते,
मग तीही पुसते.

बाहेर जीपांची रांग.
बॉनेटवर वाळत घातलेली नारिंगी जॅकेटं,
एकाच्या आरशाला लिंबू-मिरची, दुसऱ्याच्या आरशाला रोझरी,
आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न,
मटक्याचा ओपन विचारावा तसा:
"बाय, आंकडो खंय पावलो?"

यंदा वरूनच आकडा निम्मा आला.
आला म्हणजे कागद आला, कागदावर शिक्का.
अभयारण्यातली नदी दिवसाला किती चाकं सोसेल
याचा कुणीतरी हिशेब मांडला म्हणे.
"न्हंयेक विचारलें काय?" आगुस्तिन ओरडला.
रांग हसली.
मग हिशेब ज्याच्या त्याच्या घरी पोचला
आणि कुणी हसेना.

कुष्टा माझा धाकटा भाऊ.
त्या दिवशी तो आकड्याच्या पुढे एक होता.
एकच.
गाडीत हुबळीचं कुटुंब,
मागच्या सीटवर एक पोर, बूट काढून तयार बसलेली.
मी साखळी लावली.
तशी हलकीच आहे ती,
सायकलीला लावतात त्याहून जरा जाड.
"एक सोड गो," तो म्हणाला.
"आज ना."
त्यानं गाडी वळवली, सावकाश,
भरल्या ताटावरून माणूस उठतो तसा.

पुढचे बावीस दिवस
तो माझ्याशी पावतीपुरतं बोलला.
नंबर. सहा माणसं. कॅमेरे दोन.
आई आम्हाला वेगवेगळ्या वेळी वाढायची
आणि दोघांनाही विचारायची, दुसरा जेवला का.

मंगळवारी रस्ता बंद. नवा नियम.
मी वही ठेवून चालत आत गेले.
रस्त्याकडेचे किंदळ, मत्ती, सगळे विटेच्या रंगाचे;
दहा पावलं आत तीच झाडं हिरवी.
शेकरू दिसलं नाही.
दिसलं असतं तर इथं लिहिलं असतं.

दुसऱ्या उताराला कोणीतरी पाण्यात उभं होतं,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.
कुष्टा.
इथं चालत यायला त्याला अकरा वर्षं लागली.
"हांगा पांय घाल," तो म्हणाला.
घातला. खड्डा होता, मांडीपर्यंत.
"माझा. डावीकडून काढायचो,
इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून."
दगडाच्या कुशीत ऑइलचा तवंग अडकलेला,
मोराच्या मानेसारखा.
चांगला दिसत होता, याचाच मला राग आला.
त्याच्याखाली पिठोळाची पिल्लं,
तांदळाएवढी,
चाकाच्या खड्ड्यात घर केलेली.

हे आता बरं म्हणायचं की वाईट
ते दोघांनाही कळेना,
म्हणून आम्ही काठावर बसलो.
त्यानं खिशातून चणे काढले.
जीपेच्या हप्त्याचं तो काही बोलला नाही,
मीही कागदाचं काही बोलले नाही.
मग त्यानं मान वळवली.
"कसलो आवाज तो?"

वरून, रानाच्या पार आतून,
कुणी तांदूळ पाखडत बसावं
तसं काहीतरी अखंड.
मी त्याच्याकडे पाहिलं.
दिवसाला दोन फेऱ्या, अकरा हिवाळे,
हा माणूस लोकांना धबधब्याला नेत आला.
"तोच," मी म्हटलं.
तो चणे चावायचा थांबला.

बुधवारी तो रांगेत विसावा होता.
बॉनेटवर जॅकेटं, काच खाली.
"आंकडो खंय पावलो?"
सांगितला.
त्यानं मनात मोजलं, इंजिन बंद केलं,
आणि वाट पाहत राहिला.